काळा तवा आणि माझा आरसा

४ ऑगस्ट, सोमवार
तो दगड नक्की किती काळा? मला माहीत नाही. कुणालाच नाही — तिथं अजून कोणी गेलेलंच नाही! एक यान मात्र त्या लघुग्रहाजवळ जाणार, आणि वरून उंची मोजणारं लेझर यंत्र आम्ही करतोय, इथं पावण्याच्या एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्याशेजारच्या गाळ्यात. प्रकाश सोडायचा, आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. पांढऱ्या बोर्डावर झकास चालतं. आमचे प्रमुख मधुकर सर म्हणतात, "पास झालं ना? मग?"
लघुग्रह पांढरा असतो का!

५ ऑगस्ट
चाचणीसाठी काळा नमुना मागवला तर खरेदीवाले महिना लावणार. म्हणून आईचा तवा नेला — गावाकडचा, चुलीवर काळाकुट्ट झालेला. शेजारच्या टेबलावरची अफशा म्हणाली, "भाकरी कधी टाकतेस गं?" हसलो. मग पडद्याकडे पाहिलं. परत येणारा प्रकाश जवळजवळ नाहीच.

८ ऑगस्ट
प्रकाश गोळा करणारं भिंग मोठं हवं. बस्स. सरांना तिसऱ्यांदा सांगितलं. "वजनात जागा नाही. एक ग्रॅमही नाही. माझं पोट कापून देऊ?" सगळे हसले. मी नाही.
घरी आई — "तवा कुठंय माझा? भाकऱ्या काय तुझ्या यंत्रावर थापू?" आणि लगेच शेजारच्या सुमित्राबाईंना — "हिचा आरसा जाणाराय वर. एकटीनं केलाय."
खरंय ते. लेझर डावीउजवीकडे फिरवणारा छोटा आरसा माझा. एका ठिपक्याऐवजी पट्टा मोजता येतो. यानवाल्यांनी मागितला नव्हता, मीच भांडून घालायला लावला. घरातली पहिली पदवी माझी. आईला ती काय आहे ते कळलं नाही; आरसा कळला.

११ ऑगस्ट
पुन्हा तेच! सरांनी वजनाचा तक्ता माझ्यापुढे सरकवला. "घे. तूच सांग, कशातून काढू?" रागारागाने वाचत गेले. लेझर लागणार. पेटी लागणार. मग आरसा आणि त्याची मोटर —
तक्ता मिटून ठेवला.

१२ ऑगस्ट
डबा तसाच परत आणला.

१३ ऑगस्ट
तवा घरी आणला. आईने विचारलं, "झालं का आरशाचं?" म्हटलं, "झालं."
सकाळीच काढून टाकला. नवं ड्रॉइंग गेलंसुद्धा. भिंग मोठं, आरसा नाही.