कापसातलं मेंढरू

बा, मले आता लिहिता येते. तुही नात शाळंतून आली का मले पाटीवर अक्षरं गिरवाले लावते, चुकलं तं टपली मारते, अगदी तुह्यासारखी. पहिलं पत्र कोनाले लिहू म्हनलं, तं तुह्याशिवाय कोनी आठवलंच नाई. तुले जाऊन लय पावसाळे झाले, पन कापूस घरात आला का मले तो दिवस आठवते न् मी एकटीच हासत बसते.

साता समुद्रापल्याड लढाई लागली, तिकडचा कापूस बंद झाला न् इकडं वऱ्हाडात पऱ्हाटीले सोन्याची बोंडं आली, असं तूच सांगे. आपल्या मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस. कोनी माडी बांधली, कोनी बैलांच्या शिंगांले चांदी मढवली. तुले हौस एकच, मोर्शीकडच्या धनगर म्हाताऱ्याचं जातिवंत शिकारी पिल्लू. लांब पाय, बारीक कंबर. अमरावतीच्या बाजारात बैलबंडीमागं चाललं का लोकायनं विचारलं पाहिजे, "पाटील, कोठून आनलं?" तू पाटील नव्हताच, पन असं कुत्रं मागं असलं तं लोक म्हनतीन, असं तुले वाटे. आन् घरी होती खंडी कुत्री. एक कान उभा, एक पडेल, शेपूट भलत्याच कुत्र्याचं. नांदगावच्या बाजारातून आपल्या बंडीखाली चालत आली न् राहूनच गेली. मी तिले माह्या भाकरीतली अर्धी देत होती. एक दिवस जेवताजेवता तू म्हनला, "जातीचं पिल्लू आलं का हिले भातकुलीच्या बाजारात सोडून देईन." मी उरलेली भाकर सारीच खंडीले टाकली.

पन म्हाताऱ्याची रीत न्यारी. कुत्री पुरती मोठी झाल्याशिवाय तिले जोड लावे नाई, एका वेतामागं तिले वर्षभर आराम देये, न् घर पाह्यल्याशिवाय पिल्लू कोनाले देये नाई. मेंढरं घेऊन आपल्या शिवारात उतरला तवा तो घरी आला, पोरीसाठी स्थळ पाह्याले यावं तसा. तू अंगन सारवून घेतलं, नवा पटका बांधला, न् खंडीले कापसाच्या खोलीत कोंडून कडी लावली. गूळपानी झालं. म्हाताऱ्यानं विचारलं, सावली कोठी, पानी कोन ठेवते, म्हातारं झालं तं काय करसान? तू सारं गोड गोड सांगतलं. मंग तो म्हने, "घरात दुसरं कुत्रं?"

"छे, बाप्पा! एकबी नाई."

तेवढ्यात खंडीनं खोलीच्या खिडकीतून उडी मारली न् सरळ तुह्या मांडीवर येऊन बसली. अंगभर कापूस, नुसते डोळे दिसे. म्हातारा पाहातच राह्यला. "हे काय व्हय?"

न् तू, बा, धनगराले म्हनला, "मेंढरू हाय." तशी खंडी भुंकली.

"जनम मेंढरात गेला माह्या," म्हातारा म्हने, "भुंकनारं आजच पाह्यलं!" तो इतका हासला का त्याले ठसका लागला. मंग उठला. "घर चांगलं हाय, पाटील. पन आज हिले लपोलं, उद्या माह्यं पिल्लू थकलं का त्यालेबी लपोसान. हिले उजेडात ठेवा, मंग पाहू."

म्हातारा गेला. मले वाटलं, आता खंडीचं काई खरं नाई. दिवस कलला तवा तू तिले जवळ ओढलं न् तिच्या अंगावरचा कापूस वेचाले लागला. "काय पाहून राह्यली, पोरी? ये, वेचू लाग. आपलीच हाय ही." मी तुह्या गळ्यातच पडली, बा. अमरावतीच्या बाजाराले खंडी बंडीखाली नाई, कापसावर बसून गेली. लोकायनं विचारलंच, "कोठून आनलं?" तू मिशीले पीळ देऊन म्हनला, "घरचंच मेंढरू हाय."

मागच्या हप्त्यात त्या म्हाताऱ्याचा नातू मेंढरं घेऊन आला. मी आमची भटकी कुत्री अंगनात मधोमध बसवली, लंगडी हाय तरी. त्यानं तिच्या डोक्यावर हात फिरवला न् दुसऱ्या दिवशी पिल्लू आनून देल्लं. लांब पाय, बारीक कंबर. लंगडीच्या पोटाशी झोपते.

हे पत्र कोठी धाडू? राहू दे माह्यापाशीच. एक सांगते, हासजो नको. पिल्लू घेऊन मी रोज मुद्दाम ओसरीवर बसते, कोनी विचारीन म्हनून. अजून कोनी विचारलं नाई, बा. तू असता तं पह्यले तूच विचारलं असतं, कोठून आनलं.