दुसरी चावी

११ नोव्हेंबर, मंगळवार

पहाटे खाजाभाईंनी दार वाजवलं. समोर त्यांचं शिलाईचं दुकान. नमाजला निघाले होते. "साब, बाहेर या. गाडी बघा तुमची."

प्रशांतची मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी नालीत आडवी. दोन पोरं ढकलत नेत होती म्हणे. खाजाभाई "कौन है रे" म्हणून ओरडले, तशी तिथंच टाकून पळाली. हँडल लॉक हिसडा मारून तोडलेलं. चावीच्या जागी पेचकस घालून फिरवलेला, वायरी ओढून काढलेल्या. टाकी आत गेली, हेडलाइट फुटला, हँडल वाकडं.

श्रावणात आमचा मुलगा प्रशांत गेला, तेव्हापासून गाडी दारात झाकून असते. दर रविवारी मी थोडा वेळ चालू करून ठेवतो, बॅटरी उतरू नये म्हणून. बाकी कोणी हात लावत नाही.

सुमन दारापर्यंत आली. पोराची गाडी बघितली आणि आत गेली. तोंडात पदर.

पो. स्टे.ला गेलो. ठाणे अंमलदार: "गाडी हाय का तुमच्याकडं?"
"नालीत पडली आहे."
"म्हंजे हाय. मग चोरी कशाची?"
अर्ज ठेवून घेतला. पोच द्यायला दुपार केली. परतताना वाटलं, चोरानं काम अर्धवट सोडलं हाही माझाच गुन्हा.

१२ नोव्हें.

अहमदपूरला बालाजीला फोन. माझ्या चुलतबहिणीचा मुलगा. इन्शुरन्सची एजंटी करतो, प्रशांतनं पॉलिसी त्याच्याकडूनच घेतली होती. शाखा लातूरला. दिवाळीआधी वारस म्हणून गाडी आणि पॉलिसी दोन्ही माझ्या नावावर करून घेतल्या, तेव्हाही त्यानंच मदत केली.

"मामा, कागदं समदी क्लिअर हायत. पन खरं सांगू? गाडी गेली असती तर सोपं झालं असतं."

 फोन ठेवला.

१५ नोव्हें., शनिवार

इन्शुरन्सचा सर्व्हेअर आला. तरुण आहे, पाठीवर बॅग. फोटो काढत राहिला. टाकीवर बोट फिरवून, "हा पोचा आधीचा तर नाही ना?"
नाही म्हटलं.
"गाडी वापरतं कोण?"
"सध्या कोणी नाही."
"मग इन्शुरन्स कशाला चालू ठेवला काका?"

  या प्रश्नाचा राग आता लिहिताना येतो आहे. माणूस नाही म्हणून त्याची वस्तू उघड्यावर टाकायची का?

जाताना: लॉकसेट नवा बसेल, त्यासाठी जुन्या दोन्ही चाव्या कंपनीत जमा करायच्या. दोन्ही एकदम. दोन्ही नसल्या तर प्रश्न निर्माण होतो. कसला प्रश्न? "म्हणजे दुसरी चावी कोणाच्या हातात होती, असा."

एक चावी दाराजवळच्या खिळ्याला आहे. दुसरी घरात असेल, म्हटलं.

गाडी टेम्पोत घालून गॅरेजला नेली. कंपनीचा होकार आल्याशिवाय ते हात लावणार नाहीत. दारातली जागा मोकळी दिसते. फरशीवर तेलाचा डाग तेवढा.

१६ नोव्हें., रविवार

सवयीनं सकाळी बाहेर गेलो, चालू करायला. परत आलो.

मग चावी शोधली. कपाट, त्याची बॅग, पँटींचे खिसे. त्याचे खिसे मी याआधी तपासले नव्हते. एक बसचं तिकीट, खोबऱ्याच्या गोळीचा कागद.

सुमन दारात उभी. "काय हुडकून राहिलात?"
सांगितलं.
"ती न्हाई घरात."
"मग?"
"त्याच्यासंगं दिली."

कळलं नाही आधी. तिनं सांगितलं ते असं. तिसऱ्या दिवशी अस्थींचं मडकं आणलं, ते घरात घ्यायचं नसतं म्हणून दारच्या लिंबाला बांधलं होतं. लाल फडकं बांधलेलं. आम्ही पुरुष आंघोळी करत होतो, तेव्हा तिनं फडकं सैल केलं, चावी आत टाकली, परत बांधलं.

"रोज सकाळी मलाच मागायचा. आई, चावी. तिथं कोनाला मागंल?"

ते मडकं मी मांडीवर घेऊन गेलो होतो, खाजाभाई सोबत होते, रिक्षात. घाटावर गोदावरीत मीच सोडलं. मला वेगळं काही लागलं नाही हाताला.

मी पँटी परत घडी करून ठेवल्या.  जेवण झालं.

२० नोव्हें.

लातूर. सकाळच्या एस.टी.नं, अहमदपूरला बालाजी बसमध्ये चढला. शाखेत टोकन, काचेची केबिन, तरुण साहेब. बोलायला नम्र आहे, ते मान्य.

"दुसरी चावी काका?"
"नाही."
"हरवली, मोडली की चोरीला गेली?"
"यातलं काही नाही."

बालाजी मला पायानं खुणावत होता. मी सांगितलं. थोडक्यात, जसं झालं तसं. असं परक्या माणसासमोर बोलायची मला सवय नाही. 

साहेब कॉम्प्युटरकडे बघत राहिला. "सॉरी काका. पण इथं तीनच कारणं येतात. चौथं टाकता येत नाही."
"मग हरवली टाका," बालाजी.
"हरवली टाकली तर पुढचा प्रश्न येतो, हरवल्यावर लॉक का बदललं नाही? म्हणजे वाजवी काळजी घेतली नाही. चोरीला गेली म्हटलं तर तेव्हाची तक्रार दाखवा."

म्हणजे खोटं बोललो तरी अडकतो, आणि खऱ्याला जागा नाही.

मागच्या टेबलावरचा एक जण हळूच, पण ऐकू येईल असं: "मग मालकाला वरच फोन लावा म्हणावं." दोघं हसले.

मी उठलो. पिशवीचा बंद हातात येईना. आयुष्यभर पाटबंधारे खात्यात टेबलावर बसलो. समोरच्या माणसाच्या मयतावर आमच्या ऑफिसात कोणी हसल्याचं मला आठवत नाही.

मुलगी वैशाली स्टँडवर आली डबा घेऊन, ड्युटीच्या कपड्यांतच. लातूरलाच दवाखान्यात नर्स आहे. रात्रपाळी सुटली की शेअर रिक्षाची वाट बघत उभी राहते. प्रशांतनंच तिला म्हटलेलं, नवी घेतली की ही तुझी. दिवाळीत ती शिकायला लागली होती, मैदानावर, खाजाभाईंच्या मुलीच्या गाडीवर. गाडी ठीक झाली की लातूरला न्यायची, एवढंच ठरलं होतं आमच्या घरात. दुसरं काही ठरलेलं नाही.

झालेलं सांगितलं. "कोण हसलं बाबा? नाव सांगा. मी आत्ता जाते."
नको म्हटलं. डबा बसमध्ये खाल्ला. मेथीची भाजी होती. चव आठवत नाही.

२३ नोव्हें., रविवार

बालाजी घरी आला. मोटारसायकलच्या चाव्यांचा अख्खा जुडगाच घेऊन. म्हणतो, यातली एक तसल्याच गाडीची आहे. "जरा घासून जुनी करू. जमा करून टाकू मामा. कोन लावून बघतंय? लॉक तर तुटलेलं हाय."

 मनात क्षणभर आलं, खरंच कोण बघतंय.

सुमन चहा घेऊन आली. चाव्या टेबलावर पसरलेल्या तिनं बघितल्या. एक उचलली, परत ठेवली.
"बालाजी, चहा घे आन जा."
"मामी, तुमच्याच भल्याचं..."
"आधी चहा घे."

चहा अर्धा टाकून गेला. गॅरेजवाल्याचा सकाळीच फोन, गाडी बाहेर उन्हात आहे, आत जागा नाही.

२८ नोव्हें.

आज घरात आवाज चढला. माझा. हे लिहून ठेवलं पाहिजे.

वैशूचा फोन झाला. रिक्षा मिळाली नाही म्हणून चालत खोलीवर गेली. सुमननं ते ऐकलं. दुपारी समोर येऊन बसली. "लिहा हरवली. मी करते सही. म्हाताऱ्या बाईकडून हरवली म्हना. चार शब्द बोलतील. पोरीला गाडी तर भेटंल."
"तू हरवली नाहीस."
"मला काय फरक पडतो?"
"मला पडतो," म्हणून ओरडलो. "तुझ्याकडून काही हरवलेलं नाही. हा शब्द परत काढायचा नाही या घरात."

समोर खाजाभाईंचं मशीन बंद पडलं. सगळ्या गल्लीनं ऐकलं असेल. सुमन माझ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत मी तिच्यावर असा ओरडलो नव्हतो. मग म्हणाली, "बरं." पापड वाळत घालायला वर गेली.

मला माझी लाज वाटली नाही. ते नवल.

२ डिसेंबर

पत्र लिहिलं. तीन वेळा फाडलं. शेवटी साधं:

"सदर वाहनाची दुसरी चावी माझे दिवंगत पुत्र प्रशांत यांच्या अस्थींसोबत त्यांच्या आईने दिली असून ती नांदेड येथे गोदावरीत विसर्जित झाली आहे. ती हरवलेली, मोडलेली किंवा चोरीस गेलेली नाही. चोरीच्या प्रयत्नात लॉक तोडले गेले, चावीने उघडलेले नाही. सर्व्हेअरच्या फोटोंत ते स्पष्ट दिसते."

रजिस्टर पोस्टानं पाठवलं. काय लिहिलं ते सुमननं विचारलं नाही.

१२ डिसें., शुक्रवार

कंपनीचं उत्तर. मोबाइलवरच आलं, चष्मा लावून दोनदा वाचलं. चुकीचं वाचतोय असं वाटलं.

विसर्जनाचा पुरावा मागतात. पावती अथवा छायाचित्र. त्यात चावी दिसत असल्यास उत्तम.

"उत्तम." हा शब्द एका माणसानं बसून टाइप केला. त्याला आई असेल.

खाजाभाईंना वाचून दाखवलं. त्यांनी मशीन थांबवलं, चष्मा कपाळावर घेतला. "नदी काय पावती देऊन राहिली का साब? हे लोक कधी घाटावर गेलेच न्हाईत काय? यांच्या घरात कोनी मरतच न्हाई?"
मग म्हणाले, "मी रिक्षात होतो ना. मी लिहून देतो."
"चावी तुम्ही पाहिली नाही. मीही नाही."
"मडकं तर पाहिलं. वहिनी बोलल्या म्हंजे होती."

पाहिलं तेवढंच लिहून दिलं. माझ्या हातानं मराठीत, खाली त्यांची सही उर्दूत. पाठवलं. सुमनचंही एक निवेदन. तिनं स्वतः लिहिलं, चार ओळी, शाळेतल्या अक्षरात. मला वाचू न देता घडी केली. मी वाचलं नाही.

२४ डिसें.

मंजुरी आली!

बालाजीचा फोन आधी. "मामा, झालं! पेढे काढा."
मग कागद आला. क्लेम "विशेष बाब म्हणून" मंजूर. उरलेली एक चावी शाखेत जमा करावी, ती आली की गॅरेजला काम सुरू करायला कळवतील. आणि सोबतच्या संमतीपत्रावर सही करावी: "वाहनाची दुसरी चावी कुटुंबीयांच्या हलगर्जीपणामुळे गहाळ झाली असून ती जबाबदारी मी मान्य करतो."

हलगर्जीपणा.

पोराला तिकडे कोणाला मागायची वेळ येऊ नये, एवढा विचार त्या बाईनं त्या दिवशी केला. आम्हाला कोणाला सुचला नव्हता. आम्ही लाकडांचं बघत होतो, गुरुजींचं बघत होतो. तिनं त्याची चावी आठवणीनं दिली. आणि यांच्या कागदावर ती हलगर्जी.

"करा ना सही मामा," बालाजी. "वाचतंय कोन ते?"
मी वाचतोय.

पेन घेतलं. "कुटुंबीयांच्या हलगर्जीपणामुळे गहाळ झाली" यावर सरळ रेघ मारली. वर लिहिलं, "त्याच्या आईने दिली". बाजूला आद्याक्षरी सही, जशी ऑफिसात दुरुस्तीला करायचो. "ती जबाबदारी मी मान्य करतो" तसंच ठेवलं. ते खरं आहे. मडकं मीच सोडलं. खाली सही. फोटो काढून पाठवला.

२९ डिसें., सोमवार

लातूरहून साहेबाचा फोन. तोच, नम्र. "काका, खाडाखोड चालत नाही. कोरा कागद पाठवतो, सही करून चावीसकट आणून द्या. सोपं आहे."
"खोडलंय ते मुद्दाम खोडलंय."
"कळलं मला. पण वर पाठवता येणार नाही."
"पाठवून बघा."
 मग, "उद्या याल का? मोठे साहेब आहेत उद्या. मी आत नेतो तुम्हाला. पुढचं मला सांगता येत नाही."
येतो म्हटलं.

वैशूला कळवलं. ती स्टँडवर येणार. म्हणाली, "बाबा, माझ्यासाठी म्हणून सही करू नका." ही कधी एवढी मोठी झाली.

सुमनला सगळं वाचून दाखवलं. खोडलेलं, वर लिहिलेलं. ती ऐकत होती, हातातलं निवडणं थांबवून. "आईने दिली" इथं मला परत वाचायला लावलं.

मग उठली. दाराजवळच्या खिळ्यावरची चावी काढली. तिचं काळं प्लॅस्टिक एका बाजूनं गुळगुळीत झालंय, त्याच्या अंगठ्यानं. पदरानं पुसली. माझ्या रुमालात बांधली, गाठ दोनदा मारली, पिशवीत वर ठेवली.

"ही द्या त्यांना," म्हणाली. "पन पावती घ्या."

सकाळची लातूर गाडी. खोडलेला कागदच सोबत घेतला आहे.