सम तारखेची बाजू

सदाशिव पेठ, पुणे
३१ ऑगस्ट

प्रिय कादंबरी,

पत्र पाहून दचकू नकोस. दोघंही हिंडतेफिरते आहोत. फोन केला असता, पण आपल्या घरात फोनवर बोललेलं एका खोलीत राहत नाही, आणि बाबांचे कान अजून तिखट आहेत. मेसेज लिहावा तर माझा मोबाइल ते माझ्याआधी वाचतात. म्हणून कागद. बाबा दाढी करायला गेले आहेत. तिथून ते हिंमतरावांकडे बसतील. तासभर आहे माझ्याकडे.

सौमित्रने घरच्या ग्रुपवर विचारलं होतं, जुनी गाडी ठेवायची की नवी घ्यायची. तू लिहिलंस, 'तुमचं तुम्ही ठरवा.' बाबांनी अंगठा टाकला. कशाला, ते कळलं नाही. मी काहीच लिहिलं नाही. त्याला तीन आठवडे झाले. सकाळी वाटतं ठेवावी, दुपारी वाटतं द्यावी. संध्याकाळी वाटतं, प्रश्न गाडीचा नाहीच. मग पुन्हा सकाळ होते.

गाडी तशी ठीक आहे. दसऱ्याला पंधरा वर्षं होतील. नोंदणीची मुदत संपते. ठेवायची तर पुन्हा पासिंग करून आणावं लागेल. गॅरेजवाला म्हणतो, सहज पास होईल, काकांनी पोटच्या पोरासारखी सांभाळली आहे. सौमित्र म्हणतो, 'आई, पंधरा वर्षांची गाडी आणि पंच्याहत्तर वर्षांचे बाबा, काहीतरी एक अपग्रेड करू या.' तो गमतीने म्हणाला. बाबाही हसले. तो आम्हाला बाणेरला शोरूममध्ये घेऊन गेला. सलिल नावाचा विक्रेता होता, फार गोड बोलणारा. बाबांना चालकाच्या जागेवर बसवलं. तिथे किल्ली नाही, गिअर नाही, समोर टीव्हीएवढा पडदा. सलिल म्हणाला, 'काका, क्लचच नाहीये, टेन्शनच नाही.' बाबा म्हणाले, 'मग डाव्या पायाने काय करायचं? ताल धरायचा?' सगळे हसले. मी त्यांच्या पायाकडे पाहत होते. तो क्लच शोधत होता. हसून झाल्यावरही शोधत होता.

घरी येताना म्हणाले, 'चांगली आहे. सौमित्रला शोभेल.'

तू बऱ्याच वर्षांत इथे चार दिवस सलग राहिली नाहीस, म्हणून आमचा रोजचा कार्यक्रम तुला ठाऊक नसेल. आपल्या गल्लीत आता सम-विषम पार्किंग आहे. सम तारखेला गाडी दवाखान्याच्या बाजूला, विषम तारखेला क्लासच्या बाजूला. इमारतीत जागा नाही, त्यामुळे गाडी रोज एकदा रस्ता ओलांडते. आठवड्यातले पाच दिवस तिचा तेवढाच प्रवास. बाबा सकाळी सातला चहा घेऊन खाली जातात, गाडी पुसतात, समोर नेऊन लावतात आणि वर येऊन 'लावली' म्हणतात. मी 'बरं' म्हणते. मग ते अंघोळीला जातात. महिना एकतीसचा असला की एकतीस आणि एक, दोन्ही विषम. त्या दिवशी गाडी हलवायची नसते. बाबा त्याला गाडीची रजा म्हणतात. एक तारखेला नुसतं खाली जाऊन, तिच्या टपावर हात ठेवून परत येतात. निवृत्त माणसाला दुसऱ्या कुणाच्या रजेचं कौतुक असतं.

या वर्षी एक जानेवारीला त्यांनी गाडी हलवली. नागोराव, आपल्या दारासमोरचा इस्त्रीवाला, त्यांना म्हणाला, 'काकाजी, काल एकतीस होती ना. आज नाही हलवत.' बाबा म्हणाले, 'नागोराव, तारखा मला सांगू नका. शर्ट कुठल्या तारखेला देताय ते सांगा.' पण गाडी परत लावली. मला वाटलं, चुकतं माणूस. एकतीस आणि एकमध्ये कुणीही चुकेल. मग एका सात तारखेला चुकले. मग दहाला. सात आणि दहामध्ये चुकण्यासारखं काही नाही. ज्या माणसाने पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं नकाशे काढले आणि एक रेघ पुसायची वेळ येऊ दिली नाही, तो रोज स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपुढे उभा राहायला लागला. उभा राहायचा आणि तरी चुकायचा. फेब्रुवारीत गाडी उचलून नेली. तेव्हा म्हणाले, 'पाट्या बदलल्या असतील. यांना दुसरं काम काय?' मी खाली जाऊन पाट्या पाहून आले. कशाला गेले, माहीत नाही. मला पाट्या बदललेल्या हव्या होत्या.

आता हसू नकोस. मी गाडी शिकले. सहासष्टाव्या वर्षी. टिळक रस्त्याजवळ पूर्णिमा नावाची मुलगी शिकवते, तुझ्याहून लहान असेल. 'आजी, क्लच सोडायचाय, माहेर नाही. इतकं जड जाऊ देऊ नका,' असं मला रोज ऐकवायची. बाबांना सांगितलं, गुडघ्याच्या व्यायामाला जाते. ते अगदीच खोटं नव्हतं. एप्रिलमध्ये परवाना मिळाला. पिठाच्या डब्याखाली ठेवला आहे.

तेव्हापासून बाबा अंघोळीला गेले की मी गॅलरीतून पाहते. गाडी बरोबर बाजूला असेल तर पोह्यांना लागते. चुकलेली असेल तर पिशवी घेऊन खाली जाते. नागोराव समोरच्या बाजूला आपली हातगाडी लावून जागा धरून ठेवतो. त्याला मी काही सांगितलेलं नाही. 'काकू, आज उलटी हाय' एवढंच म्हणतो आणि कोळशाकडे बघत बसतो. मी सीट सहा खाचा पुढे ओढते, आरसा खाली करते, गाडी पलीकडे लावते, सीट सहा खाचा मागे, आरसा वर. वीस मिनिटांत वर. येताना दूध आणते, म्हणजे खाली जायला कारण राहतं. आठवड्यातून दोनदा तरी असं होतं. हल्ली तीनदा. बाबांनी मला कधी काही विचारलं नाही.

जुलैत त्यांनी हिंमतरावांना स्वारगेटला सोडलं. वीस मिनिटांचं काम. दोन तास झाले. मग फोन आला. आवाज नेहमीचाच होता. म्हणाले, 'मंदा, आपण सातारा रस्त्याला कशासाठी निघालो होतो गं?' मी घरी होते, कादंबरी. मी गॅसपाशी उभी होते. 'आपण' म्हणाले. मी म्हटलं, कुठे आहात. म्हणाले, कात्रजचा घाट दिसतोय. मी म्हटलं, चहा घ्या, मी येतेच. रिक्षाने गेले. बाबा चहाच्या टपरीवर बसले होते. मला पाहून म्हणाले, 'तू रिक्षाने का आलीस?' आणि गाडीत बसले. सगळा रस्ता त्यांनीच चालवली. एकदा गचका नाही, एकदा हॉर्न नाही. हातांना सगळं येत होतं. कुठे जायचं, तेवढं नव्हतं. मी शेजारी बसून डावीकडे, सरळ, उजवीकडे म्हणत होते, जणू मला दुकानं बघायची आहेत. मला चालवता येत होती आणि मी मागितली नाही. घाबरले होते. त्यांना की रस्त्याला, ते सांगता येत नाही.

मग बीपीचं निमित्त करून त्यांना डॉक्टरबाईंकडे नेलं. तपासण्या झाल्या. अजून व्हायच्या आहेत. बाई मला एकटीला म्हणाल्या, 'मंदाकिनीताई, गाडी बंद करा. कशी करायची ते तुम्ही ठरवा, पण दिवाळीच्या आत करा.' हे सौमित्रला माहीत नाही. त्याला सांगितलं तर तो त्याच संध्याकाळी येऊन किल्ली नेईल. त्याचं चुकणार नाही. रस्त्यावर दुसऱ्यांचीही माणसं असतात, हे मला कळतं. बाबांच्या हाताखाली जे व्हायचं नाही ते एकदा झालं, तर मी कुणाच्या घरी जाऊन काय सांगू? पण सौमित्र किल्ली कशी उचलेल, आणि बाबा त्याच्याकडे कसे बघतील, ते मला दिसतं. तिथे माझं डोकं थांबतं.

नवी गाडी म्हणूनच मोहात पाडते. ती बाबांना येणार नाही. पाय क्लच शोधत राहील आणि दोन दिवसांत ते स्वतःच म्हणतील, नको बुवा. कुणाला काही बोलावं लागणार नाही. पेढे वाटू, हार घालू, शेजारी अभिनंदन करतील. मुलाने आईवडिलांना गाडी घेतली. आणि त्या हाराखाली आम्ही त्यांची गाडी काढून घेतलेली असेल. सौमित्रला ते कळणारही नाही. मला एकटीला कळेल. मी शोरूममध्ये हो म्हणणारच होते. तोंडापर्यंत आलं होतं.

आणि ठेवली तर? गाडी पास होईल. गाडीचं पासिंग आहे, चालवणाऱ्याचं नाही. पुढची पाच वर्षं मी पिशवी घेऊन खाली जाईन. मी एकाहत्तरची होईन. कात्रज पुन्हा येईल.

हे सगळं मी मागच्या बुधवारीच लिहिणार होते. तेव्हा पत्र वेगळं झालं असतं. गुरुवारी सत्तावीस तारीख होती. गाडी सम बाजूला उभी. मी खाली गेले, दार उघडलं, सीटखाली हात घातला. सीट पुढे ओढलेली होती. मी खाचा मोजल्या. सहा. आरसा पाहिला, त्यात मला मागचा रस्ता सरळ दिसला, मान वर न करता. मला वाटलं, आदल्या दिवशी मीच सीट मागे करायला विसरले असेन. पण बुधवारी गाडी बरोबर बाजूला होती, मी खाली गेलेच नव्हते. नागोराव कोळशाकडे बघत होता. मी गाडी लावली आणि वर आले. बाबा टॉवेलने डोकं पुसत होते. म्हणाले, 'झालं?' मी म्हटलं, काय? म्हणाले, 'दूध. आणायला गेली होतीस ना?'

शुक्रवारी गाडी बरोबर बाजूला होती, तरी मी खाली गेले. सीट पुढे. काल रविवारी, पुढे. म्हणजे ते रोज करतात. कोणत्या दिवशी चुकेल हे त्यांना कळत नाही, म्हणून रोजच माझ्यासाठी सीट ओढून ठेवतात, आणि वर येऊन 'लावली' म्हणतात. मी 'बरं' म्हणते. आता कोण कुणापासून लपवतंय, मला सांगता येत नाही. त्यांना बोलायचं आहे का, की मी बोलू नये म्हणून ही सोय आहे? मी एक्केचाळीस वर्षं या माणसाबरोबर आहे. मला कळत नाही.

गाडी हलवायला मी दुसरी किल्ली वापरते. ती बाबांच्या कपाटात असते. सौमित्रने कितीदा मागितली, त्याला कधी दिली नाही. म्हणतात, 'ती दिलेली आहे.' तिच्या कडीला अजून तुझा तो निळा मासा लटकलेला आहे, कॉलेजातला. तू एकोणीस वर्षांची होतीस. मैत्रिणी दारात उभ्या होत्या, पानशेतला जायचं होतं, परवाना नवा होता, आणि बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, 'ही गाडी आहे, भातुकली नाही.' तू किल्ली टेबलावर ठेवलीस आणि म्हणालीस, या घरात मी पुन्हा काही मागणार नाही. आम्हाला वाटलं, राग आहे, जाईल. लग्नात तू साडी मागितली नाहीस. बाळंतपण नाशकातच केलंस. दिवाळीला येतेस तर उटणंसुद्धा स्वतःचं आणतेस. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. मला सगळं ऐकू येत होतं. मी बाहेर आले नाही. कुकरच्या दोन शिट्ट्या व्हायच्या होत्या, एवढंच कारण होतं. ते चुकले, आणि मी त्यांच्याहून जास्त चुकले. हे तुला तेरा वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तू ये, आणि बाबांकडे गाडी माग. दसऱ्याच्या आधी. माझं नाव घेऊ नकोस, डॉक्टरांचं नको, सौमित्रचंही नको. नुसतं म्हण, 'बाबा, ही गाडी मला द्या.' सौमित्रने नेली तर ती काढून घेतलेली होईल. विकली तर गेलेली होईल. तू मागितलीस तर ते देतील. बाकी काय काय जाईल मला माहीत नाही, पण देणं त्यांना अजून येतं. ते तुला क्लच कुठे धरतो ते सांगतील, दोनदा सांगतील, ऐकून घे. मग नाशकाला घेऊन जा. चालवायची नसेल तर दारात उभी कर. मग सौमित्रला हवी ती घेऊ दे. क्लच नसलेली माझ्या गुडघ्याला बरी. हे त्यांना फसवणं आहे की नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तू शब्द मोडावास असं म्हणायचा मला हक्क नाही, हेही ठाऊक आहे. तू या घरात काही मागणार नाहीस. म्हणून मी तुझ्याकडे मागते आहे.

आज एकतीस. उद्या गाडीची रजा. बाबा सकाळी काय करतात ते पाहीन. ते येताना दिसताहेत, दाढी करून फार तरुण वाटताहेत. थांबते.

वाट पाहणारी, तुझीच
आई