डाव्या भुवईतली खोक

३ मार्च
पोचले एकदाची! खाली स्टुडिओ, वर गच्ची, मध्ये माझी खोली. मालकीणबाई लेकीच्या बाळंतपणाला निघाल्यात. जाता जाता काम समजावलं. फोटोची निगेटिव्ह संगणकावर करायची, इंकजेटने पारदर्शक फिल्मवर छापायची, रसायन लावलेल्या कागदावर दाबून उन्हात ठेवायची. पाण्यात धुतलं की निळा फोटो तयार. ऊन फुकट आहे, शाई नाही, तेव्हा हात राखून, असंही बजावलं.

८ मार्च
बोलायला चिटपाखरू नाही. प्रिंटरशीच भांडते. आज हौसेने माझ्या धाकट्या भावाचा फोटो छापायला घेतला. तो जाऊन वर्ष झालं. हसरा असा हा एकच.
तर फजिती! फिल्म छापण्याआधी चित्र आरशातल्यासारखं फिरवायचं असतं, तरच कागदावर माणूस सुलटा उतरतो. मी विसरले. डाव्या भुवईतली खोक उजवीकडे आली. टेबलाचा कोपरा लागला तेव्हा कापूस मीच दाबून धरला होता, मला नाही कळणार? तरी भिंतीवर लावला. उलटा का होईना, घरात कुणीतरी आहे. जेवताना त्याच्याशी बोलले. मग खूप रडले.

१० मार्च
चित्र फिरवून पुन्हा छापलं. धुताना सगळा निळा रंग वाहून गेला. कागद कोरा. भिंतीवरचा मात्र गडद होत चाललाय.

११ मार्च
संगणकातला मूळ फोटोही उलटा झालाय. मोबाइलमधलासुद्धा. आईला फोन केला. म्हणाली, अगं, खोक उजवीकडेच होती, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?
आईसुद्धा.

१२ मार्च
भर दुपारी गच्चीवरून त्याचा आवाज—
"ताई, खोक उजवीकडे होती म्हण. मग मी इथेच राहतो."
हो म्हणावंसं वाटलं. देवाशपथ वाटलं. इतकी एकटी आहे मी. पण खरा धाकटा आता फक्त मला आठवतो. मी हो म्हटलं तर तो कुठेच—

१३ मार्च
कोरा कागद धुवायला घेतला. त्यात मी उमटतेय. त्याच्या शेजारी—

१४
जिना उतरतोय. डावी. डाव्या भुवईत. विसरायचं नाही. मी लिहिते तो हात उजवा, दुसरा डावा. एवढं तरी— पण पेन तर डाव्या