तुम्ही अकोल्याहून आणलेली दारू

बाबा,

काल तुमच्या पणतूने, म्हणजे माझ्या नातवाने, परदेशातून येताना एक बाटली आणली. पोर्तुगालात दोरू नावाची नदी आहे म्हणे, तिच्या दोन्ही अंगांना डोंगर, आणि त्या डोंगरांवर पायऱ्या पाडून लावलेल्या द्राक्षवेली. तिथली ही गडद, गोड वाईन जगभर नावाजलेली आहे, असं तो कौतुकाने सांगत होता. "आजी, वास तरी घेतेस का?" असं त्याने चेष्टेत विचारलं. मी म्हटलं, वास कशाला, तुझी आई झाली तेव्हा मी हीच वाईन रोज दोन वेळा पीत होते, आणि माझ्या बापाने ती विकत आणली होती. सगळे खो खो हसले. माझी लेकसुद्धा हसली, जिच्या पायी हे सगळं रामायण झालं ती. मला फार राग आला. पण त्यांचं तरी काय चुकलं? या घरात तुमचा एकच फोटो आहे, त्यात तुम्ही खादीची टोपी घालून असे बसला आहात की समोर कुणी चहासुद्धा पिऊ नये. तेव्हा त्यांच्या नादी न लागता तुमच्याशीच बोलावं म्हणून बसले आहे.

स्वातंत्र्याच्या चळवळीची वर्षं होती ती. तुम्ही वाशीमच्या जिनिंग फॅक्टरीत कापूस पारखायला होता. गाडी आली की तुम्ही मूठभर कापूस उपसून घ्यायचात, दोन्ही हातांच्या बोटांत धरून हलकेच ओढून धाग्याची लांबी बघायचात, नाकाला लावायचात, आणि मग गाडीवानाला विचारायचात, शिवार कोणतं, जमीन काळी की बरड, पाऊस कधी पडला. एवढं ऐकल्याशिवाय तुमच्या तोंडून भाव निघत नसे. आणि फॅक्टरी सुटली की हाच माणूस दारूच्या दुकानासमोर हात जोडून उभा. मारुतीच्या पारावर हातात बेलाचं पान घेऊन तुम्ही शपथ घेतली होती, की दारू आणि विलायती माल माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. नुसती घेतली नाही, फॅक्टरीतल्या कितीतरी गड्यांना घ्यायला लावली. कापसाच्या गठाणी बांधणारा एक धिप्पाड गडी काही केल्या ऐकेना, तर तुम्ही जेवणखाण सोडून त्याच्या दारात बसून राहिला होता. त्याच्या बायकोने तुमच्या पाया पडून तुम्हाला उठवलं, आणि मग त्याने पान हातात घेतलं.

अशा घरात मी दुसऱ्या बाळंतपणाला आले. पहिला मुलगा बारशाच्या आधीच गेला होता, आणि आता ही मुलगी झाली. रिसोडहून सासरचं कुणी बघायला आलं नाही. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ताप उतरला तरी अन्न घशाखाली उतरेना, दूध आटलं, आणि आई त्या एवढ्याशा जिवाला कापसाच्या वातीने शेळीचं दूध पाजत होती. खरं सांगायचं तर मला जगायचंच नव्हतं. आपण कुणालाच नको आहोत, आणि आपल्या पोटी आली ती तर त्याहून नको आहे, हे एकदा मनाने घेतलं की भूक आपोआप मरते. दवाखान्यातले डॉक्टर येऊन गेले. बाहेरच्या खोलीत तुम्हाला म्हणाले, अंगात रक्त राहिलेलं नाही, पोटात काही टिकत नाही, पोर्ट वाईन मिळाली तर जेवणाआधी दोन दोन चमचे द्या, अकोल्याला मिळेल. त्या काळी डॉक्टर असं सांगत. पडद्यापलीकडे मी सगळं ऐकत होते. तुमची पावलं दारापर्यंत गेली आणि तिथेच अडली. मग आईचा आवाज आला, "जा ना मंग. काहून थांबले?"

"जातोच आहे."

"टोपी काढून जा. लोक पाहतीन."

"टोपी काढली तं आतलं डोकं तं तेच राह्यते," तुम्ही म्हणालात आणि गाडी गाठायला निघालात.

अकोल्याच्या दुकानातली गोष्ट तुम्ही पुढे इतक्यांदा सांगितली आहे की मी तिथे नव्हते हे माझं मलाच खोटं वाटतं. दुकानदार म्हातारा पारशी. पायऱ्यांवर खादीची टोपी दिसताच तो गल्ल्यामागून उठला, हात जोडले आणि म्हणाला, "शेठ, आज धरणं नको, मी आत्ता दुकानाच्या फळ्या लावून घेतो." तुम्ही म्हणालात, फळ्या लावू नका, मला दारू पाहिजे. तो बिचारा जास्तच घाबरला. त्याला वाटलं ही चळवळीची काहीतरी नवी युक्ती आहे. पोरीचं दुखणं सांगितल्यावर त्याने खुर्ची दिली आणि दोन-तीन बाटल्या समोर मांडल्या. तर तुमचं आपलं सुरू. "हे कोणत्या मुलखाची? जमीन कशी आहे तिथली? उन्हाळा असते का नाई?" आयुष्यभर दारू विकलेल्या त्या माणसाला हा प्रश्न कुणी केला नसावा. एक बाटली थंड मुलखातली निघाली, ती तुम्ही लगेच बाजूला सारली. बाळंतिणीला थंड काही चालत नाही, आणि गार हवेत पिकलेलं वाशीमच्या अंगाला मानवणार तरी कसं! दुसरी पोर्तुगालची. त्याने सांगितलं, तिथे डोंगर म्हणजे नुसता दगड आहे, उन्हाळ्यात असा तापतो की अनवाणी पाय ठेवता येत नाही, आणि त्या फटीफटींतून द्राक्षाची मुळं खाली उतरतात. "म्हणजे बरड," तुम्ही खूश होऊन म्हणालात, "अन् ऊन आपल्यावानीच." मग तुम्ही त्याला बूच काढायला लावलं, दोन थेंब बोटांवर घेतले, अंगठ्याने चोळून बघितले, वास घेतला. कापूसच जणू! चाखली मात्र नाहीत. "दोन द्या यातल्या," म्हणालात. पारशीबाबाने बूच पुन्हा घट्ट बसवलं, दोन्ही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या, आणि पोरीला माझा आशीर्वाद सांगा म्हणाला.

गाडीत तुम्ही ते वर्तमानपत्र काढून टाकलंत. एक बाटली पिशवीत, एक हातात, अशा थाटात तुम्ही स्टेशनापासून बाजारातून चालत आलात, भर दिवसा, टोपी डोक्यावर. ज्याने विचारलं त्याला सांगितलंत, न विचारणाऱ्यालाही थांबवून सांगितलंत. गावाला असा तमाशा रोज कुठे बघायला मिळतो! आपल्या गल्लीत शिरलात तेव्हा मागे पोरंटोरं होती. ओट्यापाशी तो गठाणी बांधणारा गडी उभा होता, त्याला कुणीतरी आधीच सांगितलं असणार. माझ्या खाटेशेजारी खिडकी होती, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"भाऊ, हे काय आहे तुमच्या हातात?"

"दारू. अन् विलायती."

"तुमी पेता?"

"पोरीसाठी आणली. पोरगी हातची जाऊन राह्यली गड्या. डाक्तरनं सांगतलं अन् म्या आणली. शपत मोडली म्या. आता तुले प्याची असन तं पे, मी कोण्या तोंडानं अडवू तुले?"

मला वाटलं हा आता हसणार, गावभर हसणार. तुमचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता, मान खाली घातलेल्या माणसाचा.

"मी कायले पेऊ?" तो म्हणाला. "म्या लेकराईसाठी सोडली, तुमी लेकरासाठी आणली. त्यात मोडलं काय? द्या ते पिशवी इकडं, अन् तुमी घरात जा. घामानं भिजले पार."

पुढची मजा तुम्हाला माहीतच आहे. बाळंतिणीच्या पोटात गार थेंब जाता कामा नये, हा आईचा कायदा. तिने ती पोर्तुगालची नावाजलेली वाईन पातेल्यात ओतली, सुंठ टाकली, गुळाचा खडा टाकला, आणि चुलीवर चांगली निम्मी होईपर्यंत आटवली. रोज सकाळ-संध्याकाळ दोन घोट काढा. पुन्हा डॉक्टर आले तेव्हा मी बसून लेकीला पाजत होते. त्यांनी औषध कसं देता ते विचारलं, आणि ऐकून हसू आवरेना त्यांना. "अहो, तिच्यातली दारू तुम्ही वाफ करून रोज आढ्याला पाजत होता. या मुलीने द्राक्षांचा काढा घेतलाय नुसता." आई ओशाळली. पण तुमचा चेहरा उजळला. "म्हणजे माह्या घरात कोणी दारू पेलंच नाई?" डॉक्टर नाही म्हणाले. पण लगेच तुम्ही पुन्हा गंभीर झालात. "पण म्या घेतली तं दारूच." त्याच शनिवारी पारावर जाऊन, चार लोकांच्या देखत, तुम्ही नव्याने पान हातात घेतलंत. सुटका दारात चालून आली होती, ती तुम्ही घेतली नाहीत. बाबा, तुमच्या हट्टीपणाचा मला आयुष्यभर वैताग आला, पण त्या शनिवारचा नाही.

पुढे रिसोडला मी लेकीला कडेवर घेऊन गेले ती ताठ मानेने. तिला शिकवली. ती शाळेत मुख्याध्यापिका झाली, आणि आता ऐन म्हातारपणात माझ्यावर हसते, तेही मला चालतं.

तुम्ही शेवटपर्यंत येईल त्याला सांगत राहिलात, की माझी पोरगी तापल्या मुलखाच्या औषधाने वाचली, मुलूख पारखून आणलं म्हणून गुण आला. मी कधी मध्ये बोलले नाही. हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं नाही, म्हणून आता सांगते. तुम्ही ओट्यापाशी त्या गड्यापुढे मान खाली घालून उभे होता, बाटली अजून तुमच्या हातातच होती, तेव्हा मी भिंतीकडून या कुशीला वळले आणि आईजवळ भाकर मागितली.