बटाट्याच्या शेतातला वैमानिक

मंगळवार, १४ ऑक्टोबर. हूफडॉर्प, नेदरलँड्स

सायकलच्या वाटेवर विमान कोरलेला एक दगड आहे. दुसऱ्या महायुद्धात गेलेला कुणी वैमानिक असणार, असं समजून दोन वर्षं येता-जाता हात जोडतोय. आज शेजारच्या डच आजींना तसं सांगितलं, तर त्या हसल्या. "युद्ध तेव्हा संपलं होतं. सराव करताना आमच्या बटाट्याच्या शेतात कोसळला बिचारा."

युद्ध संपल्यावर? मग गेला कशासाठी? हे विचारायचं राहिलंच. तोंडातून भलतंच निघालं, "त्या शेताचं पुढे काय केलंत?"

"पुढच्या वर्षी पुन्हा बटाटेच लावले. आम्ही पोरांनी खाल्ले. आईने नाही खाल्ले."

घरी जेवायला नेमकी बटाट्याची भाजी. पहिला घास ताटाबाहेर काढून ठेवला.

"कुणासाठी?" बायकोने विचारलं.

नाव दगडावर आहे. दोन वर्षांत एकदाही वाचलं नाही.