पिवळा डबा आणि माझा एकनिष्ठ श्रोता

कोपरी, मंगळवार

आदरणीय शांताताई,

सविनय जय भीम. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींची शुगर कशी आहे? (तुझ्या मृणालच्या साखरपुड्यात त्यांनी तीन गुलाबजाम खाल्ले, ते मी पाहिलं आणि गप्प बसलो. माझ्या आयुष्यात गप्प बसण्याचे प्रसंग मोजकेच, त्यात हा धर.) आम्ही सगळे ठीक.

आता कबुली देतो. दर सोमवारी भाऊजी तुझी जवळ्याची चटणी माझ्या ऑफिसात आणून देतात (घरी निशाला सुक्या मासळीचा वास सोसत नाही) आणि संध्याकाळी मी तुला फोनवर "फर्मास झालीय" म्हणतो. हे चार महिने साफ खोटं होतं. मी ती चाखलीच नव्हती. जेवणाच्या सुट्टीत मी सहकाऱ्यांसमोर दोन शब्द बोलतो, कधी कामाच्या तासांवर, कधी वाचनावर, आणि बोलून बसतो तर डब्यात नुसता लाल डाग. तुझं मन मोडू नये म्हणून गिळलं. म्हणजे ते दुःख गिळलं, चटणी नव्हे.

पण अन्याय सहन करणारा माणूस मी नाही, हे तू जाणतेस. मी पुस्तकं काढली. रुईची पानं खाऊन वाढलेलं केशरी फुलपाखरू कडू लागतं. नवखा पक्षी ते एकदा खातो, ओकतो आणि पुढे तो रंग दिसला की मान फिरवतो. (ज्या पहिल्या फुलपाखराने असा भडक रंग धारण केला, त्याला अडाणी पक्ष्याने खाल्लंच असणार, पण पक्ष्याला अद्दल घडली आणि त्याच रंगाची त्याची भावंडं वाचली. ताई, जगातल्या प्रत्येक हक्काचा इतिहास हाच आहे, पण ते भेटीत बोलू.) मी भडक पिवळा डबा आणला आणि दोन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी त्यात गूळ न घातलेलं कारलं भरलं. त्या दिवशी आमचा शिपाई शिवराम, माझा सर्वांत एकनिष्ठ श्रोता, मी बोलत असतानाच तोंड धुवायला धावला. मला वाटलं, मुद्दा झोंबला. बुधवारी त्याने डबा पाहिला आणि थांबलाच नाही. मी रात्री बसून भाषणाचा शेवट बदलला.

पुढच्या सोमवारी तुझी चटणी मी त्या पिवळ्या डब्यात ओतली. कोणी शिवलं नाही. ऐकायलाही कोणी नव्हतं, म्हणून जेवलो. ताई, चटणी खरोखर फर्मास आहे.

या विजयावर बोलणं माझं कर्तव्य होतं. काल शिवराम दाराशी रेंगाळलेला दिसताच मी सांगितलं, की काही चवदार फुलपाखरं कडू फुलपाखराचा रंग घेऊन पक्ष्यांना फसवतात, आणि उदाहरण म्हणून टेबलावरचा पिवळा डबा दाखवला. बोलून वळलो तर डबा रिकामा.

शेवटी आमच्या ऑफिसातल्या नंदाबाईंनी तोंड उघडलं. "सर, तुम्ही चष्मा काढून पुसायला लागलात की आम्ही डबे उचलून जिन्यात पळतो. पहिल्या वर्षी दोनदा सापडलेलो, तेवढं पुरलं."

"आणि शिवराम का थांबतो?"

"तुम्ही खिडकीकडे तोंड करून बोलता ना. तो जेवतो."

"मग चार महिने मला सांगितलं का नाहीत?"

"कोणीतरी बसायला नको का, सर?"

(साखरपुड्यात मी चष्मा काढताच भाऊजी गच्चीवर का गेले, ते मला आता उमगलं. त्यांना सांग, राग नाही.)

शिवरामला विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "सर, पण ऐकत पण होतो." आणि त्याने दोन्ही फुलपाखरं मला न अडखळता समजावून दिली, रुईच्या पानासकट. ताई, चाळीस वर्षं मी बोलतो आहे. परत म्हणून दाखवणारा हा पहिला.

तरीही चोरी ती चोरी. तत्त्वाशी तडजोड नाही. आजपासून माझा डबा कपाटात, कुलपात.

तुझा धाकटा भाऊ,
रत्नदीप

ता. क. आज कुलूप लावलं. शिवराम आला नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर बोललो.

ता. क. २. येत्या सोमवारी दोन डबे पाठवशील का? त्याच्या डब्यात तिखट जरा कमी घाल. तो पाणी प्यायला उठतो आणि माझा समारोप राहून जातो.